‘मी पापी’ मधला ‘मी’ कोण?

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले गेले, ते बहुतेक धर्मांतराच्या अंगाने. कोणी केव्हा बाप्तिस्मा घेतला, घरच्यांनी कसा आकांत मांडला, इथेच चर्चा संपते. या वाङ्मयाचा कणा असलेली पापाची जाणीव समीक्षकांनी भाविकांची खासगी बाब समजून बाजूला ठेवली. दलित वाचकाला ती तशी ठेवता येणार नाही. पाप हा शब्द आपल्या पाठीवर फार जुना आहे.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सातवा अध्याय हे या जाणिवेचे मूळ. चांगले करावेसे वाटते आणि हातून नेमके उलटे घडते; नियमशास्त्र पवित्र खरे, पण ते पाळण्याचे बळ देत नाही, केवळ माझा गुन्हा मला दाखवते, असा तो झगडा आहे. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे नियमशास्त्र सगळ्यांना एकाच पिंजऱ्यात उभे करते. मनूच्या न्यायात तसे नाही. तिथे गुन्हा एक असला तरी वर्णाप्रमाणे शिक्षा निराळी, आणि अस्पृश्याला तर मनातला झगडा करायलाही जागा नाही. त्याचे पाप मागच्या जन्मी होऊन गेले, निकालही लागला, हा जन्म म्हणजे नुसती अंमलबजावणी. म्हणून ‘सर्वांनी पाप केले आहे’ हे वाक्य महारवाड्यात आणि मांगवाड्यात पोहोचले, तेव्हा त्यात समतेची एक ठिणगी होती. बामणाचेही पाप आहे, पाटलाचेही आहे! प्रश्न असा की, त्या ठिणगीचे पुढे काय झाले?

बाबा पदमनजी १८५४ साली बेळगावात ख्रिस्ती झाले. जातीने कासर, परमहंस सभेतून आलेले. १८८८ साली निघालेले त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र मन आणि भीती यांच्या झुंजीचे प्रामाणिक दर्शन आहे. सत्य पटले आहे, पण आईबाप आणि जात सोडवत नाही, ही घालमेल त्यांनी लपवली नाही. मात्र तिथे जात येते ती सोडावी लागणारी गोष्ट म्हणून. आपण उपभोगलेली गोष्ट म्हणून ती क्वचितच येते. कबुली देणारा ‘मी’ स्वतःच्या अंतःकरणात खोल उतरतो, पण वेशीबाहेर जात नाही.

त्याच सुमारास, १८५५ साली, ‘ज्ञानोदय’ या मिशनऱ्यांच्याच पत्रात जोतीरावांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध छापून आला. ती ख्रिस्ती झालेली नव्हती. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्ही धर्माविणा आहोत, मग आमचा धर्म कोणता, असे तिने विचारले आणि महार-मांगांवर झालेल्या जुलमाचा पाढा वाचला. ती स्वतःच्या पापाबद्दल रडत नाही. पाप कोणी केले ते सांगते. माझ्या मते मराठीतल्या पापविचाराची ही दुसरी वाट होती. मराठी ख्रिस्ती साहित्य पहिल्या वाटेने गेले.

पंडिता रमाबाईंचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, धर्म सापडला तरी ख्रिस्त सापडायला पुढे काही वर्षे लागली, आणि मधल्या काळात स्वतःच्या पापाच्या जाणिवेने त्या व्याकुळ झाल्या. शास्त्रे स्त्रिया आणि शूद्रांना मोक्ष कसा नाकारतात, हेही त्याच पुस्तकात त्यांनी रोखठोक मांडले. या बाईच्या धैर्यापुढे मान लवते. परंतु १९०५ च्या जूनपासून केडगावच्या मुक्ती सदनात जे पुनरुज्जीवन झाले, त्यात शेकडो मुली हुंदके देत पापे कबूल करू लागल्या. त्यांत दुष्काळातून वाचवून आणलेल्या किती तरी होत्या. उपाशी मेलेल्या आईबापांच्या पोरींनी कबूल करावे असे कोणते पाप? त्यांना त्या रडण्यातून आधार मिळाला असेल, मी नाकारत नाही. पण दुष्काळाचे पाप कोणाच्या नावावर मांडले गेले?

बाबासाहेबांनी नेमके हेच हेरले. धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवरचा त्यांचा निबंध महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १९८९ साली प्रसिद्ध झाला. अस्पृश्याची अधोगती प्रतिकूल समाजरचनेमुळे झाली. तुझ्याच पापामुळे झाली असे चर्चने सांगितले, की त्याची लढण्याची ऊर्मीच मावळते, असा त्यांचा आक्षेप आहे. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत त्यांनी ज्या कारणाने झिडकारला, तेच हे कारण. दुःख भोगणाऱ्याच्याच खात्यावर दुःख मांडायचे, मग वही काशीची असो की रोमची.

हा आक्षेप व्यासपीठावरून होणाऱ्या उपदेशाला पुरेपूर लागू पडतो. पौलाला तो कितपत लागतो याविषयी मला शंका आहे, कारण सर्व पापी असतील तर जात पाळणे हे पाटलाचे पाप ठरायला हवे होते. तसे ठरवणे सोयीचे नव्हते, एवढेच. जवळपास पोहोचल्या त्या लक्ष्मीबाई टिळक. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर त्या सोवळे सांभाळत वेगळ्या राहिल्या. मग ‘स्मृतिचित्रे’त शिवाशिव एकेक पदर सुटत जाते, तेही पाण्याच्या आणि जेवणाच्या साध्या प्रसंगांतून, हसत. ईश्वरशास्त्र त्या सांगत नाहीत. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्याआधीच खरा झगडा स्वयंपाकघरात होऊन गेला होता.

सांगवीला वर्गात हे पुस्तक शिकवताना दापोडी-खडकीकडची ख्रिस्ती मुले गप्प बसतात, असे मी पाहतो. त्यांच्या आज्यांनी सोवळे सोडण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना त्या सोवळ्याने बाहेर ठेवले होते. त्यांचा ‘मी’ या पुस्तकातही नाही. अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगलोरच्या ईश्वरविद्या महाविद्यालयात शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मागणी केली आणि आपल्या दलित पूर्वजांचे स्मरण हाच विश्वासाचा आरंभ मानला. त्यांच्या विचारावर पुढे खल झाला तो बहुतांशी इंग्रजीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद अनुसूचित जातींच्या यादीतून दलित ख्रिस्त्यांना वगळतो. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना दार उघडले गेले, ख्रिस्त्यांना आजही नाही. बाप्तिस्म्याने जात धुतली गेली असे शासन मानते. मंडळी तेच शिकवते. गावातल्या विहिरीला मात्र हे कोणी कळवलेले नाही.