घमेल्यातले लोणार

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांकडून हाताने करण्याजोगे काय करून घ्यावे, असे शिक्षकमित्र आम्हाला नेहमी विचारतात. प्रश्न सोपा वाटतो, पण निवड बहुधा चुकते. विज्ञान प्रदर्शनांत दरवर्षी तोच सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी फसफसतो, तोच थर्माकोलचा डोंगर रंगवलेला असतो. तो करण्यात मुलाला आनंद मिळतो हे आम्हाला मान्य आहे. मात्र त्यात बदलून पाहण्यासारखे काही नसते, आणि उत्तर चुकण्याची सोयही नसते.

अरविंद गुप्ता यांचा सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचा आणि आगकाड्यांचा मेकॅनो याहून फार वरच्या दर्जाचा आहे. त्रिकोण ताठ राहतो आणि चौकोन कलंडतो, हे त्यात बोटांना कळते. तरीही ती एका दुपारची गोष्ट आहे. सुट्टी सहा आठवड्यांची असते.

लोणारच्या मुलांसाठी विषय दाराशीच आहे: सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, काठापासून सुमारे १५० मीटर खोल, बेसाल्टमध्ये पडलेले विवर. त्यावरचा नेहमीचा प्रकल्प म्हणजे घमेल्यात वाळू भरून वरून गोटी टाकणे. आमची टीका आहे ती या प्रकल्पाच्या शेवटच्या वाक्यावर. गोटी पडते, खळगा होतो आणि तक्त्यावर लिहिले जाते, ‘असे लोणार झाले’. तसे ते झालेले नाही.

दोन मीटरवरून सोडलेला छर्रा वाळूवर सेकंदाला सुमारे ६.३ मीटर वेगाने आदळतो. लोणारसारखे विवर पाडणारी मोठी उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते. या वेगाला तिच्या प्रत्येक किलोत, तेवढ्याच वजनाच्या टीएनटीच्या सुमारे पंधरापट ऊर्जा असते. ती रुतून बसत नाही, तर स्फोट व्हावा तशी फुटते, वितळते, काही अंशी वाफही होते. घमेल्यातला छर्रा मात्र खळग्यात जसाच्या तसा सापडतो. ‘मग लोणारचा दगड कुठे आहे?’ असे मूल लगेच विचारते. ‘असे लोणार झाले’ असे लिहून टाकले, की या प्रश्नाला जागा उरत नाही.

म्हणून प्रयोग टाकून द्यावा काय? मुळीच नाही. तो यंत्र म्हणून बांधावा. हाताने सोडलेल्या छर्‍याला नकळत धक्का बसतो, त्यासाठी विद्युतचुंबक करावा. एका बोल्टवर वाइंडिंगवाल्याकडची इनॅमलची तार गुंडाळून दोन सेल जोडले की झाले. सेल काढल्यावरही लहान छर्रा कधीकधी लटकून राहतो. बोल्टच्या टोकाला कागदाचा तुकडा चिकटवला तर सुटतो. (हे आम्हाला मुलांनीच शिकवले.) बेअरिंगचे जुने छर्रे गॅरेजमध्ये मिळतात. वाळू चाळून घ्यावी आणि वर निरनिराळ्या रंगांच्या रांगोळीचे पातळ थर द्यावेत, म्हणजे खालचा रंग काठावर उडालेला दिसतो. लोणारच्या काठावरही आतून फेकलेला खडक पसरलेला आहे.

उंची दुप्पट केली तर खळगा किती वाढेल, याचा अंदाज मुलांकडून आधी लिहून घ्यावा. बहुतेक जण दुप्पट लिहितात. प्रत्यक्षात व्यास जेमतेम एक-पंचमांशाने वाढतो. तो दुप्पट व्हायला उंची सुमारे सोळापट लागते. घरी दिसणारा खळगा लोणारच्या मानाने खोल वाटेल. ते का, याचे एक उत्तर तळ्याखाली साचलेल्या जाड गाळात आहे.

आता खरा भाग. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीची गलोल फळीवर बसवावी आणि कोनमापक लावून छर्रा तिरका मारावा. त्याचा वेग काढायला घड्याळ लागत नाही. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून छर्रा आडवा सोडला तर तो ०.३९ सेकंदात जमिनीवर पोचतो. पडलेले अंतर त्याने भागावे. तिरका मारलेला खळगा लांबट होतो. लोणारचे विवर तर जवळजवळ गोल आहे. मग उल्का बरोबर डोक्यावरून आली होती काय?

या कोड्यात मोठी माणसेही अडकली होती. अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी मऊ थरांवर गोळे मारून पाहिले होते. चंद्रावरची विवरे आघाताने झाली असे १८९३ साली मांडताना, ती गोल कशी, या प्रश्नासाठी त्यांना आघात उभे झाले असे दाखवणारी खटपट करावी लागली. अ‍ॅरिझोनाचे विवर तर त्यांनी वाफेच्या स्फोटाचे ठरवले. त्यांचे गोळे संथ होते, एवढाच दोष. अतिवेगाने आदळणार्‍या वस्तूचे विवर, कोन फारच सपाट नसेल तर, गोलच होते. लोणारलाही दीर्घकाळ ज्वालामुखी समजत. आघाताने बदललेली खनिजे दाखवणारा शोधनिबंध १९७३ साली आला.

म्हणजे आपले घमेले एका ठिकाणी खरे बोलते आणि दुसर्‍या ठिकाणी खोटे, आणि कुठे काय हे मुलांना मापून शोधता येते. सोडा-व्हिनेगरमध्ये हे होत नाही.

काम सकाळी दहाच्या आत व्हरांड्यात आटपावे. गलोल चालवताना घमेल्यापलीकडे कोणी उभे राहू नये, डोळ्यांवर चष्मा हवा. आणि नमुना म्हणून विवरातले दगड उचलून आणू नयेत. ते अभयारण्य आहे.