सविराम व्यायाम, स्नायू आणि रक्तदाब : एक परीक्षण

थोडा वेळ तीव्र श्रम, मग विश्रांती आणि पुन्हा श्रम, अशा सविराम व्यायामावर गेल्या वीस वर्षांत विपुल संशोधन झाले आहे. संथ व दीर्घ व्यायामाहून तो श्रेष्ठ होय, असा निष्कर्ष त्यावरून सर्रास काढला जातो. स्नायूंविषयी जे सिद्ध झाले ते रक्तदाबालाही तसेच लागू पडते, असे गृहीत त्यामागे असते. त्या गृहीताचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

स्नायूंपुरता पुरावा लक्षणीय आहे. कॅनडातील गिबाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली सोळा तरुणांवर प्रयोग केला. दोन आठवड्यांत एका गटाने सुमारे अडीच तास, तर दुसऱ्याने साडेदहा तास व्यायाम केला; तथापि मांडीच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता दोन्ही गटांत सारखीच वाढली. मात्र ते तरुण निरोगी होते, हे विसरता कामा नये.

रक्तदाबाची गोष्ट निराळी आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील चाचणीत ८८ रुग्ण होते. बारा आठवड्यांनंतर सविराम गटाचा आकुंचनकालीन रक्तदाब १२, तर मध्यम व्यायामाच्या गटाचा ४.५ मिलिमीटरने उतरला. हा फरक डोळे दिपविणारा खरा. परंतु २०२३ साली २७० चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा सविराम व्यायामाने सरासरी ४.०८ आणि सामान्य दमश्वासाच्या व्यायामाने ४.४९ मिलिमीटर घट आढळली. भिंतीला पाठ टेकून अधांतरी बसण्यासारख्या स्थिर व्यायामांत ती ८.२४ होती. एका चाचणीवरून श्रेष्ठत्व ठरविणे अशास्त्रीय होय, हाच याचा अर्थ.

भंडारा जिल्ह्यास हा वाद केवळ ग्रंथगत नाही. २०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील जे जिल्हे आरंभी घेतले गेले, त्यांत सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा यांजबरोबर भंडारा होता. नियमित मोजमाप, ठरलेला औषधक्रम आणि रुग्णांची नोंद हा त्या उपक्रमाचा पाया आहे. व्यायामाच्या भरवशावर कोणी गोळी सोडली, तर चार मिलिमीटरची सरासरी घट त्याचे रक्षण करील असे मानता येत नाही.

शिवाय श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. वैनगंगेच्या खोऱ्यात चिखलात दिवसभर वाकून भाताची रोवणी करणारी स्त्री आपल्या श्रमांची गती वा विश्रांती स्वतः ठरवीत नाही. प्रयोगशाळेतील फिरत्या पट्ट्यावर, नाडीचे ठोके मोजीत, चार मिनिटे धावणाऱ्याचे निष्कर्ष तिच्यावर लादणे अनुचित होय. तिला आणखी श्रम सांगावेत की विश्रांती, हाच खरा प्रश्न आहे.

यास्तव या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम रुग्ण कोण हे पाहावे, मग त्याचे रोजचे श्रम मोजावेत, आणि व्यायामाची निवड त्यानंतर करावी. व्यायाम हा औषधाचा सहकारी आहे, प्रतिस्पर्धी नव्हे.