अर्थापत्ती आणि हास्य : ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ ह्या मालिकेविषयी चाहत्यांनी केलेले तर्क

मीमांसकांच्या प्रमाणविचारात लठ्ठ देवदत्ताचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. देवदत्त पुष्ट आहे आणि तो दिवसा जेवत नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतील, तर तो रात्री जेवत असला पाहिजे. वरवर विसंगत दिसणाऱ्या दोन गोष्टींची संगती लावण्यासाठी तिसरी, न सांगितलेली गोष्ट मानणे, ह्यालाच अर्थापत्ती म्हणतात. नैयायिकांनी तिचा अंतर्भाव अनुमानात केला. भाट्ट मीमांसकांनी मात्र तिला स्वतंत्र प्रमाण मानून दृष्टार्थापत्ती व श्रुतार्थापत्ती असे तिचे दोन भेद केले. दूरचित्रवाणीवरील कथामालिकांचे चाहते आज जे तर्क मोठ्या हौसेने रचतात, त्यांची घडण तपासली असता ती श्रुतार्थापत्तीचीच असल्याचे दिसते. कथेत जे सांगितले आहे ते जुळत नाही. म्हणून जे सांगितलेले नाही ते मानावे, अशी ही रीत आहे. मात्र गंभीर कथेला लावलेली ही रीत विनोदी कथेलाही तशीच लागू पडते काय, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. ज्या मालिकेतील बहुतेक पात्रे देवदत्ताप्रमाणे केवळ रात्रीच आहार घेतात, त्या मालिकेच्या आधारे तो तपासणे सोयीचे ठरेल.

जेमेन क्लेमेंट आणि टायका वाइटीटी ह्यांनी २०१४ साली न्यूझीलंडमध्ये ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ हा चित्रपट निर्माण केला. त्याच नावाची, क्लेमेंट ह्यांनी रचलेली अमेरिकन मालिका मार्च २०१९ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत सहा पर्वांत व ६१ भागांत प्रसारित झाली. न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंड ह्या भागातील एका जुन्या वाड्यात नांडोर, लाझलो व नाद्या हे शेकडो वर्षे वयाचे तीन व्हॅम्पायर, म्हणजे माणसांचे रक्त पिऊन जगणारी पिशाचे, एकत्र राहतात. कॉलिन रॉबिन्सन हा चौथा सोबती रक्त पीत नाही; कंटाळवाण्या बोलण्याने तो माणसांची शक्ती शोषून घेतो. नांडोरची सेवा करणारा गिलेर्मो हा मात्र हाडामांसाचा माणूस. एक चित्रणपथक ह्या सर्वांवर माहितीपट तयार करीत आहे, अशी मालिकेची मांडणी आहे.

चाहत्यांच्या तर्कांना ह्या मालिकेनेच प्रथम खाद्य पुरविले, हे मान्य केले पाहिजे. आपणही एक दिवस व्हॅम्पायर होऊ ह्या आशेवर गिलेर्मोने दहा वर्षे चाकरी केलेली असते. पहिल्या पर्वात तो नकळत दार उघडतो आणि आत आलेल्या सूर्यप्रकाशाने बॅरन अफानास हा वयोवृद्ध व्हॅम्पायर होरपळून जातो. पाहणाऱ्याला हा नोकराचा वेंधळेपणा वाटतो. परंतु त्याच पर्वाच्या अखेरीस वंशचाचणीतून कळते की, गिलेर्मो हा व्हॅन हेल्सिंगचा, म्हणजे ब्रॅम स्टोकरच्या १८९७ मधील ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतील व्हॅम्पायर-संहारकाचा, वंशज आहे. ज्या प्रसंगाला प्रेक्षक केवळ हसला होता, तो मागाहून पुरावा ठरला. येथे अर्थापत्ती यथार्थ होती. कारण पोकळी कथेतच होती आणि कथेनेच ती भरून काढली.

एकदा असे घडले की प्रेक्षकाला प्रत्येक विसंगतीमागे रहस्य दिसू लागते. दुसऱ्या पर्वातील, २०२० सालच्या एका भागात लाझलो जुन्या वैऱ्याला चुकविण्यासाठी पेनसिल्व्हेनियात पळून जातो आणि तेथे जॅकी डेटोना नावाने मद्यगृह चालवितो. वेषांतर म्हणून तो दात कोरण्याची एक काडी तेवढी तोंडात धरतो. ती काडी तोंडात आहे तोवर वैरी त्याला ओळखत नाही. तिच्या ठायी मंत्रसामर्थ्य असले पाहिजे, किंवा व्हॅम्पायरांची दृष्टीच सदोष असली पाहिजे, असे तर्क येथे सहज रचता येतात. तर्कशास्त्राच्या दृष्टीने त्यांत वावगे काही नाही. परंतु त्यांतील कोणताही खरा मानताच विनोद संपतो. काडी मंत्रलेली असेल तर वैऱ्याचे न ओळखणे स्वाभाविक ठरते, आणि स्वाभाविकाला कोणी हसत नाही. गंभीर कथेत विसंगती ही फेडावयाची उणीव असते. विनोदात ती मिळालेली कमाई असते. अर्थापत्तीने ती फेडू पाहणे म्हणजे मुद्दल गमावणे होय.

कॉलिन रॉबिन्सनची गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला अधिक उद्बोधक वाटेल. बोलून बोलून पिळून काढणाऱ्या माणसाविषयी मराठीत ‘तो डोके खातो’ असे म्हणतात. हा लक्ष्यार्थ आहे. प्रत्यक्षात कोणी कोणाचे डोके खात नाही. इंग्रजीतही अशा माणसाला लक्षणेनेच शक्तिशोषक पिशाच म्हटले जाते. मालिकेने हा लक्ष्यार्थ वाच्यार्थ म्हणून घेतला, आणि कॉलिन हे पात्र जन्मास आले. त्याचे मूळ कोणते, असा शोध घेणारे चाहते वस्तुतः एका वाक्प्रचाराची वंशावळ विचारीत असतात. तरीही हा शोध सर्वस्वी व्यर्थ ठरला नाही. २०२१ मधील तिसऱ्या पर्वात कॉलिन शंभराव्या वाढदिवशी मरतो व त्याच्या शवातून एक बालक बाहेर येते. पुढील पर्वात लाझलो त्याला ममतेने वाढवितो. पण मोठा होताच कॉलिन पूर्ववत् होतो आणि बालपण विसरतो. मूळ काय ह्या प्रश्नाचे उत्तर मालिकेने दिले नाही. त्याच्या जागी तिने एक दुःख ठेवले. कोणत्याही तर्कापेक्षा हे उत्तर मोलाचे आहे.

सर्वांत तीव्र मतभेद झाला तो नांडोर व गिलेर्मो ह्यांच्या नात्याविषयी. गिलेर्मो गुप्तपणे मालकाचे रक्षण करतो. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी नांडोर रेल्वेस्थानकावर त्याची वाट पाहतो. अशा खुणा जोडून अनेकांनी ह्या नात्याची परिणती प्रेमात होणार असे भाकीत केले. अखेरच्या भागात प्रेमाची स्पष्ट कबुली आली नाही, तेव्हा आपली फसवणूक झाली असे त्यांना वाटले. ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नाही. खुणा खऱ्या होत्या. त्या प्रेक्षकाने कल्पिलेल्या नव्हत्या. परंतु खूण असणे आणि वचन दिलेले असणे ह्यांत भेद आहे. वाक्यातील एक पद दुसऱ्या पदाची अपेक्षा निर्माण करते, तिला शास्त्रात आकांक्षा म्हणतात. ती कोणाची? साहित्यदर्पणकार विश्वनाथाने ती श्रोत्याची जिज्ञासा म्हणून सांगितली आहे. ती शब्दांमुळे जागी होते, पण राहते ऐकणाऱ्याच्या मनात.

मालिकेचा अखेरचा भाग ह्याच भेदावर उभा आहे. चित्रणपथक काम आटोपते घेते, आणि आता शेवट कसा करावा ह्या विचाराने एकटा गिलेर्मो व्याकूळ होतो. व्हॅम्पायरांना त्याचे काहीच वाटत नाही. त्यांच्यावर पूर्वीही एक माहितीपट चित्रित झालेला असतो. मरण नसलेल्याला शेवटाची आकांक्षा नसते. पुढे नाद्या कॅमेऱ्यात पाहून प्रेक्षकालाच संमोहित करते, म्हणजे ज्याला जसा हवा तसा शेवट दिसावा. आणि मग एका प्रसिद्ध जुन्या शेवटाचे विडंबन दाखविले जाते. ह्या विडंबनाची एकाहून अधिक रूपे निर्मात्यांनी तयार केली होती. चाहत्यांच्या तर्कांवर मालिकेने केलेले हे भाष्य उपरोधिक असले तरी निष्ठुर नाही; कारण त्यानंतर नांडोर आणि गिलेर्मो एकाच शवपेटीत बसून वाड्याखालच्या तळघरात उतरतात. नात्याला नाव दिले जात नाही. सोबत मात्र राहते.

तेव्हा विनोदी कथेविषयीच्या तर्काची कसोटी, तो पुराव्याशी जुळतो की नाही एवढीच असू शकत नाही. तो मान्य केल्यावर हसू शिल्लक राहते की नाही, हेही पाहिले पाहिजे. गिलेर्मोच्या वंशाचा उलगडा झाल्यावर होरपळलेला बॅरन अधिकच हसवितो; काडीचा उलगडा झाल्यावर काडी केवळ काडी उरते. पहिल्या प्रकारचा तर्क म्हणजे टीकेचाच एक लोकप्रिय अवतार असून, विद्यापीठीय अभ्यासाने त्याची उपेक्षा करण्याचे कारण नाही. दुसऱ्या प्रकारच्या तर्काविषयी इतकेच म्हणता येईल की, देवदत्त रात्री जेवतो हे सिद्ध झाले म्हणून त्याच्या ताटात डोकावून पाहणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते.