खुर्चीचा कोळसा झाला, ते बरंच झालं

जंगलात किंवा बागेत 'कला' आणायची म्हटलं की आपल्याकडे काय येतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. सिमेंटचा वाघ, फायबरचं हरिण, आणि अलीकडे लाल बदाम असलेली 'आय लव्ह अमुक गाव' ही अक्षरं. माणूस तिकडे पाठ करून उभा राहतो, फोटो काढतो, निघतो. झाडं मागे धूसर. तिथे बघायचं काही नसतंच. आपण तिथे होतो एवढं सिद्ध करायचं असतं.

म्हणून इंग्लंडमधल्या एका शिल्पवाटेबद्दल नीट बोलायला हवं. ग्लॉस्टरशरमधल्या 'फॉरेस्ट ऑफ डीन' या जंगलात १९८६ साली ती सुरू झाली. ब्रिस्टलची आर्नोल्फिनी ही कलासंस्था आणि तिथलं वनखातं यांचा हा उद्योग. बीचनहर्स्ट या ठिकाणाहून निघायचं आणि साधारण सात किलोमीटरची फेरी मारून परत यायचं. पोरंटोरं, आजीआजोबा, कुत्री, सगळे चालतात. वाट सोपी आहे. पण तिच्यावरची चांगली कामं तुम्हाला सोप्यात सोडत नाहीत.

कारण हे जंगल 'निसर्गरम्य' वगैरे नव्हतंच कधी. आधी ती राजाची शिकारीची जागा. मग लोखंडाच्या आणि कोळशाच्या खाणी, कोळसा पाडणाऱ्यांच्या भट्ट्या, खनिज वाहणारी रेल्वे. इथे जन्मलेल्या आणि एक वर्ष एक दिवस खाणीत काम केलेल्या माणसाला स्वतःची खाण चालवायचा परंपरागत हक्क आहे. १८३८च्या कायद्याने तो लेखी झाला. १८०२ साली नेल्सन इथे येऊन गेला आणि आरमारासाठी ओक लावा म्हणाला. ओक लावलेही, पण ते मोठे होईपर्यंत जहाजं लोखंडाची झाली. दरम्यान ब्रिटनला ओक कमी पडत होता, तेव्हा मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची जहाजं बांधली. त्यातलं १८१७चं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. म्हणजे या जंगलाच्या गोष्टीत एक धागा आपलाही आहे.

आता शिल्पांकडे या. कीअर स्मिथचं 'आयर्न रोड' जुन्या रेल्वेमार्गावर आहे. जारा या ऑस्ट्रेलियन लाकडाचे वीस स्लीपर, प्रत्येकावर जंगलातल्या कामधंद्यांशी नातं सांगणारं कोरीवकाम. रूळ नाहीत. गाडीने जिथून कोळसा नेला, तिथून आपण पायी चालतो आणि दर पावलाला खाली बघतो. एवढंच. पण मान खाली घालायला लावणं हे सेल्फीच्या जमान्यात लहान काम नाही.

डेव्हिड नॅशचा 'ब्लॅक डोम' याहून धाडसी. लार्चचे सुमारे नऊशे खुंट जाळून काळे केले आणि जमिनीत असे दाटीने रोवले की वर एक घुमट तयार झाला. कोळशाच्या भट्टीची आठवण करून देणारा आकार. रायगडच्या कातकरी कुटुंबांनी कोळसाभट्टीवर काढलेले महिने ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या काळ्या रंगात नुसतं सौंदर्य दिसणार नाही. पुढे लोक त्यावर चढले, पावसाने लाकूड कुजलं, शेवाळ आलं, घुमट खचत गेला. त्याला 'खराब झालं' म्हणणं चूक. काम अजून चालूच आहे, फक्त कारागीर बदललाय.

सगळ्यात लाडकं काम म्हणजे केविन अॅथर्टनचं 'कॅथीड्रल': झाडांमध्ये उंच टांगलेली रंगीत काचेची खिडकी, तिच्यावर जंगलाचंच चित्र. फोटोत ती अप्रतिम येते, आणि माझी तक्रार तिथेच आहे. जंगल म्हणजे देऊळ, हे ऐकायला छान, पण त्या वाक्यात खाणकामगार कुठे बसतो? आपल्या कोकणातल्या देवराईत खिडकी लागत नाही, कारण तिथलं पावित्र्य हा देखावा नसतो, नियम असतो. काडीसुद्धा तोडायची नाही, म्हणजे नाही. 'कॅथीड्रल' तुमच्याकडून असं काहीच मागत नाही. प्रकाश बदलतो तशी ती बदलते, हे खरं. पण श्रेय प्रकाशाचं.

आणि मग ती खुर्ची. मूळच्या चेक असलेल्या माग्दालेना येतेलोवा यांनी ओकच्या अजस्र ओंडक्यांतून ती उभारली. नाव 'प्लेस', म्हणजे जागा. लोक म्हणायचे राक्षसाची खुर्ची. दरीच्या कडेला उभी, आणि इतकी उंच की कुणी बसूच शकणार नाही. आपल्याकडे खुर्ची म्हटलं की सत्ताच आठवते. एकेकाळच्या राजाच्या जंगलात रिकामं सिंहासन ठेवायचं आणि खालून पोरांनी हुंदडायचं, यापेक्षा नेमका विनोद सापडणं कठीण.

लाकूड कुजलं. २०१५ साली ती उतरवली आणि तिचा कोळसा पाडला. जवळपास तीस वर्षं वाटेची ओळख असलेली वस्तू. तिची फायबरची प्रतिकृती करता आली असती, भोवती रेलिंग घालून पाटी लावता आली असती. आपण बहुधा तेच केलं असतं. खरं तर विसर्जन आपल्याइतकं कुणाला कळायला हवं? मातीची मूर्ती पाण्यात सोडणारे आपण, पण सार्वजनिक जागेत पुतळा उभारताना मात्र तो ब्रॉन्झचा आणि शेजारच्या गावाहून दोन फूट उंच हवा असतो.

या वाटेचं मोठेपण मला इथे दिसतं. ज्या जंगलात शतकानुशतकं ओकचा कोळसा झाला, तिथे ओकच्या शिल्पाचाही झाला. कलेला वेगळी वागणूक मिळाली नाही. टिकण्याचा हट्ट सोडल्यामुळेच ती त्या जागेची झाली.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या शहरातल्या टेकडीवर 'आर्ट ट्रेल' होणार अशी बातमी आली, तर शिल्पं किती आणि खर्च किती हे विचाराच. पण त्याआधी दोन प्रश्न विचारा. या टेकडीवर आधी कोण राबत होतं, याची या कलेला खबर आहे का? आणि ती मोडेल तेव्हा तिची माती होईल, की नुसता कचरा?