समुद्र उशाशी, तरी भांडण कशाचे?

‘समुद्र एवढा जवळ असताना पाण्याची टंचाई कशी?’ मार्च महिना आला की हा प्रश्न वर्गात येतोच. आपण फळ्यावर रिव्हर्स ऑस्मॉसिसची आकृती काढतो आणि तास संपतो. ऑस्ट्रेलियातील वाँथॅगी गावाची हकीकत या आकृतीच्या पुढची आहे.

दीर्घ अवर्षणामुळे 2007 च्या जूनमध्ये मेलबर्नच्या धरणांतील साठा 30 टक्क्यांच्या खाली उतरला. त्याच महिन्यात व्हिक्टोरियाच्या सरकारने वाँथॅगीजवळच्या किनाऱ्यावर वर्षाला 15 कोटी घनमीटर गोडे पाणी देणारा प्रकल्प जाहीर केला. वाँथॅगी हे जुने कोळशाचे गाव. 1909 ते 1968 या काळात तिथल्या सरकारी खाणीने राज्याला कोळसा पुरवला. गावकऱ्यांनी ‘युअर वॉटर युअर से’ हा गट काढला. 2008 मध्ये तो संघीय न्यायालयात गेला, हरला, आणि खर्चही अंगावर पडला.

या गटाचे सगळेच म्हणणे आम्हाला पटत नाही. अशा लढ्यांत ‘समुद्र मरेल’ ही घोषणा हमखास ऐकू येते. निम्मे पाणी काढून घेतले की उरलेल्यात मीठ दुप्पट होते, लिटरला 35 ऐवजी 70 ग्रॅम, हे खरे. पण प्रकल्प नवे मीठ तयार करत नाही. खरा धोका नळाच्या तोंडाशी असतो : हे जड पाणी तळाशी बसते आणि तिथल्या जिवांना प्राणवायू कमी पडू शकतो. बंदिस्त आखातात ही चिंता मोठी. बास सामुद्रधुनीसारख्या उधाणलेल्या उघड्या किनाऱ्यावर पाणी नीट फवारून सोडले तर पुष्कळच कमी. विजेचा आक्षेप अधिक वजनदार. एका घनमीटरला 3 ते 4 युनिट वीज लागते, आणि तंत्र कितीही सुधारले तरी निसर्गनियमाप्रमाणे ती सुमारे 1 युनिटच्या खाली जाणार नाही.

गावकऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र सरकारने हसण्यावारी नेला. छपरावरचे पाणी टाक्यांत साठवा, असे ते म्हणत. ‘पाऊसच नाही तर टाकी काय कामाची?’ हे उत्तर वरवर बिनतोड दिसते. पण कोरडे पाणलोट क्षेत्र हलक्या सरी स्वतःच पिऊन टाकते, धरणापर्यंत थेंब पोचत नाही. पत्र्याचे छप्पर तीच सर जवळजवळ पूर्ण हाती देते. शिवाय 2008 च्या अखेरीस शहराला माणशी रोज 155 लिटरचे लक्ष्य दिले गेले, आणि नागरिकांनी ते गाठत आणले. एवढी काटकसर शक्य असेल तर प्रकल्प केवढा हवा, हा हिशेब आधी व्हायला हवा होता. इथे जागा आणि आकार 2007 मध्ये जाहीर झाले, पर्यावरण अहवालाला मान्यता 2009 च्या जानेवारीत मिळाली. निष्कर्ष आधी आणि प्रयोग मागाहून! आमच्या प्रयोगशाळेत असे कोणी केले तर आम्ही त्याची वही परत करू.

पुढे 2010 मध्ये पाऊस परतला. डिसेंबर 2012 मध्ये पूर्ण झालेल्या प्रकल्पाचे पाणी शहराने 2017 पर्यंत घेतलेच नाही. करारानुसार दरवर्षीचे सुमारे 60 कोटी डॉलर मात्र चुकले नाहीत. ‘बघा, विरोधक बरोबर होते’ असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले. आम्हाला हा तर्क मान्य नाही. घर जळाले नाही म्हणून विमा मूर्खपणाचा ठरत नाही. हप्ता किती आणि तो कोणी ठरवला, एवढेच विचारता येते. पर्थ शहराने 2006 मध्ये असाच प्रकल्प सुरू केला, पण तिथे 1970 च्या दशकापासून हिवाळी पाऊस घटतच गेला होता. ती यंत्रे क्वचितच थांबली. एकच यंत्र एका गावी रोजचे अन्न, दुसऱ्या गावी कपाटातले औषध.

मुंबईसाठी मनोरी येथे रोज 20 कोटी लिटरचा प्रकल्प योजलेला आहे. विद्यार्थ्यांना घनमीटरमागे साडेतीन युनिट धरून गुणाकार करू द्यावा. रोजची 7 लाख युनिट येतील. मग विचारावे : तलाव भरून वाहताहेत अशा वर्षी हा प्रकल्प चालू ठेवायचा की बंद, आणि बंद ठेवला तर बिल किती?