पात्रविकास, कादंबरीतील
कथानकाच्या ओघात पात्राच्या जाणिवेत, वृत्तीत वा मूल्यदृष्टीत घडून येणारे परिवर्तन. इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर याने ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल (१९२७) या ग्रंथात पात्रांचे सपाट व घनाकार असे दोन प्रकार कल्पिले. वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करण्याचे सामर्थ्य हा त्याने घनाकार पात्राचा निकष मानला. मात्र विकास म्हणजे उत्कर्ष नव्हे. ह. ना. आपटे यांच्या पण लक्षात कोण घेतो? (१८९३) या आत्मकथनात्मक कादंबरीत यमूची समज बालपणापासून वाढत जाते. वैधव्य आणि सक्तीचे केशवपन यांनी तिचे जीवन मात्र आकुंचित होते. समज व स्थिती यांच्या या विरुद्ध गतींतून तिची शोकात्मता निर्माण होते. भालचंद्र नेमाडे यांच्या कोसला (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर पुण्यातील शिक्षणात अपयशी ठरून गावी परततो. धाकट्या बहिणीच्या मृत्यूने त्याची जीवनदृष्टी हादरते, पण तिला सांत्वनपर शेवट लाभत नाही. लेखकाला अभिप्रेत बोध पात्रावर लादल्यास परिवर्तन कृत्रिम वाटते. पूर्वस्वभाव व परिस्थिती यांच्या संघर्षातून ते उद्भवल्यासच विश्वसनीय ठरते.