थेंबांच्या भेटीची जागा

चालू डिझेल इंजिनावर ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढायचं आणि त्याच तोंडावर उलटं ठेवायचं. मिस्त्री क्षणभर काही बोलत नाही. झाकण जागच्या जागी थरथरत राहिलं तर ठीक. टुणकन उडून खाली पडलं, तर तो फडक्याला हात पुसत सांगतो, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय." परीक्षा ओबडधोबड आहे, पण ज्या वाऱ्याची ती घेतली जाते त्या वाऱ्याने मला बरीच वर्षं धरून ठेवलं आहे. त्यातून तेल वेगळं काढणारा डब्याएवढा फिल्टर ही मला सबंध इंजिनावरची सर्वांत देखणी रचना वाटते. कवितेची एकेक ओळ लावतो तशी ती लावत गेलं पाहिजे, तेव्हा कुठे ती उलगडते.

आधी वारा. आजच्या अवजड डिझेल इंजिनात ज्वलनाच्या क्षणी पिस्टनच्या डोक्यावर २०० बारच्या आसपास दाब असतो. पाण्याच्या हिशेबात तो जवळजवळ २००० मीटर उंचीच्या स्तंभाचा होतो. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरचं. त्याच पिस्टनच्या खाली, क्रँक फिरतो त्या चेंबरच्या बाजूला, फार तर वीतभर पाण्याइतका दाब चालतो. या दोहोंच्या मध्ये काय, तर पिस्टनच्या रिंगा. रिंगेचं तोंड पूर्ण मिटलेलं ठेवता येत नाही, कारण तापली की ती वाढते. त्या फटीतून प्रत्येक स्फोटाचा थोडा वायू खाली निसटतो. हाच ब्लो-बाय. खाली क्रँक फिरत असतो, बेअरिंगांमधून तेल उडत असतं, पिस्टनच्या पोटावर तेलाची धार आदळत असते. वायू या सगळ्यातून वाट काढतो आणि तेलाचं धुकं सोबत घेऊन ब्रीदरमधून बाहेर पडतो.

पूर्वी ते धुकं नळीने सरळ रस्त्यावर सोडत. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागे मोटारींतून सुटणारे हायड्रोकार्बन आहेत, हे आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिलं, आणि त्या नळीकडेही लक्ष गेलं. १९६१च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींमध्ये हा वायू इंजिनालाच परत पाजला जाऊ लागला. टर्बो बसवलेल्या अवजड डिझेल इंजिनांना मात्र अमेरिकेत पुढे २००७च्या नियमांपर्यंत सवलत मिळत राहिली. तिला कारणही तसंच होतं. तेलाचं धुकं टर्बोच्या पात्यांवर आणि आफ्टरकूलरमध्ये थर धरतं. वायू आत घ्यायचा तर त्यातलं तेल आधी निघालं पाहिजे.

एका जनरेटरवरून उतरवलेला असा फिल्टर मी हॅक्सॉने उभा चिरला. मधल्या पोकळीतून वायू बाहेरच्या अंगाला जाणारा तो प्रकार होता. पोकळीला लागून असलेला पहिला थर काजळीने काळा झाला होता. त्याच्या पुढचे काचतंतूंचे थर मधाच्या रंगाचे, बाहेर जाता जाता फिकट होत गेलेले. सर्वांत बाहेरची जाड वीण वरच्या अंगाला जवळजवळ कोरडी. खाली मात्र बोटाने दाबली की तेल सुटत होतं. वरून खालपर्यंत बारीक ओघळ उतरले होते. या वस्तूचा सगळा अर्थ मला त्या ओघळांत दिसतो.

आपण तिला फिल्टर म्हणतो आणि मनात चहाची गाळणी आणतो. गाळणीत भोकापेक्षा मोठं असेल ते अडकतं. इथे तंतूंमधल्या फटी तेलाच्या थेंबांहून कितीतरी मोठ्या असतात, तरी थेंब सुटत नाहीत. मायक्रॉनभराहून मोठा थेंब वेगात असतो; वायू तंतूला वळसा घालतो, थेंबाला तेवढं वळता येत नाही आणि तो जाऊन आदळतो. अगदी सूक्ष्म थेंबाला वायूचे रेणू इकडून तिकडे ढकलत राहतात, आणि भरकटता भरकटता तो तंतूला लागतो. मधल्या आकाराचे, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, सर्वांत चिवट. आदळायला हलके आणि भरकटायला जड. तंतू बारीक काढायचा आणि थर वाढवायचे ते त्यांच्यासाठी. एकदा तंतूवर टेकलेला थेंब दुसऱ्याला मिळतो, दोघे मिळून पुढच्या गाठीपर्यंत सरकतात, जड होतात आणि ओघळ धरतात. थेंब एकमेकांना भेटावेत अशी जागा करून देणं, एवढंच काम तंतू करतो. बाकीचं काम थेंबांचं वजन करतं.

ओघळलेलं तेल चेंबरमध्ये परत जायचं असतं, आणि इथे रचनेतली सर्वांत नाजूक जागा येते. फिल्टर ओलांडताना दाब पडतो, त्यामुळे तेल जमतं त्या बाजूला दाब कमी आणि चेंबरमध्ये जास्त. तेलाला चढाच्या बाजूला उतरायचं आहे! त्यासाठी खाली एकेरी झडप आणि तिच्यावर उभी नळी असते. फरक १०० मिलिमीटर पाण्याइतका असेल, तर नळीत साधारण ११५ ते १२० मिलिमीटर तेल साचल्यावरच झडप उघडते. इंजिन आयडलवर आलं किंवा थांबलं की फरक ओसरतो आणि साचलेलं तेल घरी जातं. फिल्टर चोंदत गेला की हा फरक वाढतो, नळीतलं तेल वर चढत जातं, आणि एक दिवस फिल्टरचा तळच त्यात बुडतो. मग आतून सुटणारा वायू तेच तेल उचलून टर्बोकडे नेतो.

म्हणून दाबाच्या काट्यावर लक्ष. पण काटाही वाचावा लागतो. नवा कोरडा फिल्टर बसवला की दाबाचा फरक चढतो, आणि नवखा माणूस घाबरतो. तंतू तेलाने भिजेपर्यंत तो चढणारच. पुढे तो बराच काळ एका पातळीवर राहतो, आणि काजळी साचू लागली की हळूहळू पुन्हा वर सरकतो. पहिला चढ निरोगी, दुसरा सूचना देणारा. आकडा तेवढाच असू शकतो. चेंबरमधला दाब वाढला तर फिल्टर चोंदला असेल किंवा रिंगा गेल्या असतील. शेकडो तासांत सावकाश वाढला तर संशय फिल्टरवर, एका पाळीत उसळला तर रिंगेवर. नवा फिल्टर भिजल्यावरही दाब उतरला नाही, तर लायनर, रिंगा आणि टर्बोचं सील बघायचं. नोंद नेहमी त्याच आरपीएमला, त्याच लोडवर घ्यावी, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. मला मात्र सर्वांत जास्त भीती अचानक उतरलेल्या काट्याची वाटते. सगळे खूश होतात, आणि आत फिल्टर फाटलेला असतो.

वायूतून तेल काढायचं हेच काम फिरत्या थाळ्यांचा सेपरेटरही करतो. गुस्ताफ दे लावाल यांनी १८७८ मध्ये दुधातून साय वेगळी काढणारं यंत्र आणलं, त्याचा हा वंशज. त्यात बदलायला फिल्टर नसतो, आणि त्याची हुशारी मी मानतो. तरी माझा जीव या तंतूंच्या डब्यावर आहे, कारण त्याचं वय काट्यावर दिसतं.

एका जनरेटर ऑपरेटरच्या लॉगबुकात फिल्टर बदललेल्या दिवसाखाली तीन ओळी होत्या. प्रत्येक ओळीत तास, लोड आणि आधीपेक्षा थोडा वाढलेला फरक. शेवटच्या रकान्यात तिन्ही वेळा एकच शेरा, निळ्या शाईत: "अजून तेल पितोय." चौथ्या ओळीत आकडा तिसऱ्याइतकाच होता. शेऱ्याचा रकाना त्याने रिकामा सोडला होता.